खाचा

गाडी डाव्या कुशीवर कलती ठेवायची,
म्हणजे तेल काढत बसावं लागत नाही.
गोदीतल्या बार्बा येर्कोची ही युक्ती.
तो स्वतः जन्मभर सायकलवरून कामाला आला,
आणि ती ढकलत घरी गेला,
कारण रियेकात घरी जायचं म्हणजे चढच.

उजवं झाकण उघडलं.
जुनं गास्केट चिकटून बसलेलं,
मी पातीनं हळूहळू खरवडत होते,
अ‍ॅल्युमिनियमला ओरखडा चटकन लागतो.
तिबोर शेजारी उभा. नव्या क्लचचं खोकं
त्यानं बाप्तिस्म्याच्या बाळासारखं धरलेलं.

किंमत मी विचारली नाही.
किंमत बंदरावर रोज दिसते,
सतराव्या खुंटाला दोर नाही.
फ्रानेची बोट. माझ्या भावाची.
साडेसहा मीटर, लाकडी, एकच सिलिंडर,
खोकत खोकत निघायची पहाटे.
पोरानं तिच्यावर पाणी सोडलं
आणि इटलीहून हा मागवला, घसरता क्लच.

प्लेटा एकेक करून ओढून काढल्या.
घर्षणाची, पोलादाची,
घर्षणाची, पोलादाची.
पोलादाच्या निळ्या पडलेल्या,
नाकाशी नेल्या तर करपट.
"सुटतानाच जाळतोस ना?"
"सुटताना नाही, आत्या. ब्रेकवर.
चौथ्यातून दुसऱ्यात उतरतो
आणि मागचं चाक बोकडासारखं उड्या मारतं.
मग क्लच अर्धा धरून ठेवतो,
दोन बोटांनी."

दोन बोटांनी.
त्याच दोन, ज्या गेल्या सप्टेंबरात
डॉक्टरीणबाईंनी तारेनं जोडल्या होत्या.
ट्रॅकवरचे सगळे म्हणत होते, कडक स्प्रिंगा घाल.
म्हणणाऱ्यांचं काय जातं,
लिव्हर त्यांना थोडीच ओढायची होती.

बास्केट पुसून उजेडात धरलं.
प्रत्येक बोटावर खाचा,
प्लेटांच्या कानांनी ठोकून ठोकून पाडलेल्या.
नख अडकतं त्यांत.
बोटीच्या काठावरही अशाच होत्या,
दोर जिथून जायचा तिथे.
कानस घेतली, एक खाच सपाट केली,
दुसरीला हात लावला नाही.

नवा टेबलावर ठेवून त्याला फिरवून दाखवला.
पुढे फिरवला, इंजिन ओढतं तसा:
पकड घट्ट.
मागे फिरवला, चाक इंजिनाला ओढू बघतं तसा:
आतला भाग उतरत्या कडांवरून
केसभर वर चढतो, पकड ढिली होते.
पूर्ण सुटत नाही, नुसती घसरते.
तिबोर बघत राहिला.
"बाबा दोर असाच सोडायचे."
बुरा वारा सुटला की,
खुंटाभोवती दोन वेढे
आणि बोट ओढेल तेवढा, तेवढाच, जाऊ द्यायचा.

मला माहीत आहे.
कधीकधी दोर माझ्याच हातात असायचा.

नव्या प्लेटा रात्रभर तेलात भिजवल्या
सार्डिन भाजायच्या ट्रेमध्ये.
सकाळी बसवल्या. बोल्ट आमनेसामने आवळत,
टॉर्क पाना दहावर, टक, टक.
लिव्हरला नाण्याच्या जाडीची मोकळीक ठेवली.

रविवारी ग्रोबनिकला वारा होता,
झेंडेवाल्यांचे झेंडे काठीला गुंडाळलेले.
मी पिटच्या भिंतीशी, डोळे मिटून.
बत्तीस गाड्यांतून आपली एक ऐकू येते,
कशी ते सांगता येत नाही.
चौथा. तिसरा. दुसरा.
आणि मागच्या टायरचं ते तुटक किंचाळणं,
ज्यासाठी मी दात आवळून उभी होते,
ते आलंच नाही.

पाचव्या फेरीत तो बाहेर फाकला,
वाळूत गेला, पडला मात्र नाही.
क्लचचा दोष नव्हता, घाई त्याची.
परत आल्यावर विचारलं, बोटं?
"आहेत," म्हणाला, आणि हातमोजा काढून
पाचही हलवून दाखवली.

बोट आता क्र्क बेटावर पर्यटक फिरवते.
फिकट निळा रंग दिलाय म्हणे.
बघायला गेले नाही अजून.
जुनं बास्केट खिडकीत आहे,
त्यात सुटे नट ठेवते.
सोमवारी झाकणाखालून बोट फिरवलं,
ओलसर लागलं.
गास्केट किंचित पाझरतंय.
पुन्हा उघडावं लागणार.