नरसय्याचं फोल्डर

शेठ म्हणाले, नरसय्याच्या कॉम्प्युटरवरचं सगळं
एक्सेलमध्ये पाहिजे, संध्याकाळपर्यंत.
अक्कलकोट रोडला ऊन पत्र्यावर वाजत होतं.

पायथनच्या नऊ ओळी.
नाव, आकार, तारीख.
चार हजार एकशे बारा चादरी
चहा निवायच्या आत रांगेत बसल्या.

मोर_फायनल
मोर_फायनल२
मोर_शेठना_नको

तारखेप्रमाणे लावल्या, तर
बहुतेक रात्री अडीचच्या,
माग थांबल्यावरच्या.
शेवटची फाइल शून्य केबी.
नाव तेलुगूत होतं बहुधा,
माझ्या यादीत उतरले नुसते चौकोन,
पाच,
जकार्डच्या पुठ्ठ्यावर भोकं असावीत तसे.
तो असता तर
बोट फिरवून वाचलं असतं.

शेठनी विचारलं, हे काय?
म्हटलं, नक्षी आहे.
राहू दिली.