काठी, उपयोग माहीत नाही

सूरला निघालो होतो, जुनं वॉशिंग मशीन बघायला.
शुक्रवार. इब्राच्या पुढे रस्ता इतका सरळ
की जयवंत म्हणाला, स्टिअरिंग काढून डिकीत ठेवलं तरी चालेल.
उजवीकडे वाळू.
डावीकडे तीच, जरा शिळी.

बिदिया मागे पडलं आणि एक पाटी आली.
मराठीत सांगायचं तर:
‘किराणा व चैनीच्या वस्तूंची विक्री’.
इथे चैन ती काय असणार, म्हणून थांबलो.

चैन म्हणजे सुतळी, टॉर्चचे सेल, सार्डिनचे डबे
आणि शंभर बैशांत करक चहा,
ओठ चिकटतील इतका गोड.
दारात एक शेळी, आचळांना फुलाफुलांची पिशवी बांधलेली;
कापड माझ्या ड्रेसपेक्षा बरं होतं.
चहावाला रुकनुद्दीन, सिल्हटचा,
म्हणाला, दीदी, मागे जाऊन या. बाबांचं ऑफिस आहे.

मागे पत्र्याची शेड.
आत, रस्त्यावर पडलेलं सगळं.

हबकॅप. एकेकट्या चपला, एक्केचाळीस.
फ्रीजचं दार, उंटाची घंटा, लग्नाच्या गाडीवरचा प्लास्टिकचा हंस,
आरशाचा तुकडा, ज्यात अजून मागचा रस्ता दिसत होता.
प्रत्येकाला दोरीने बांधलेला पुठ्ठा:
तारीख, कितवा किलोमीटर, आणि काय आहे ते.
खल्फान बाबा खुर्चीत बसलेले,
एका टायरवर पाय ठेवून. टायरलासुद्धा पुठ्ठा.

आणि तिथे, कुणाच्या तरी कुबडीशेजारी,
लाटणं.

मी ओरडलेच.
पुठ्ठ्यावर काय लिहिलंय? रुकनुद्दीनने वाचलं:
‘काठी. मधे जाड. उपयोग माहीत नाही.’

मग काय. मी पराठ्याचा एक गोळा मागितला,
एक हबकॅप उपडी करून पुसली
आणि त्या पत्र्याच्या शेडमध्ये, अठ्ठेचाळीस डिग्रीत, पोळी लाटली.
उचलली तर तिच्यावर टोयोटाचे पाच आरे उमटलेले.
बाबांनी ती उजेडात धरून पाहिली,
पुढून, मागून,
जसा माझा बाप एक्स-रे धरायचा, काही कळत नसताना.

जुना मजकूर खोडून त्यांनी नवा लिहिला:
‘काठी. ही फिरते, भाकर गोल होते.’
मग विचारलं, पण ही धावत्या गाडीतून पडली कशी?
जयवंत म्हणाला, भांडण झालं असेल.
रुकनुद्दीनने ते अरबीत केलं,
आणि बाबा असे हसले की मुसर सुटून गळ्यात आलं.
पुठ्ठ्यावर आणखी एक ओळ लिहिली त्यांनी.
ती मात्र वाचू दिली नाही.

मी म्हटलं, द्या ना मला.
त्यांनी मोडक्या हिंदीत विचारलं, तेरा है?
नाही.
मग ज्याचं आहे तो येईल.
अठरा वर्षांत तिघं आले म्हणे,
त्यातला एक कवळीसाठी.

सूरला पोचेपर्यंत मशीन विकलं गेलेलं.
जयवंतने काही बोलायच्या आधीच आम्ही दोघं हसलो,
का ते त्या माणसाला कळलं नाही.

रात्री मस्कतमध्ये डबे धुताना
एक झाकण कमी भरलं.
आठवलं: शेळीचा फोटो काढायला मी ते
गाडीच्या टपावर ठेवलं होतं.
स्टीलचं. त्यावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं,
‘सौ. का. मृदुला पळसुले हिस, आत्याकडून’.

जयवंत म्हणाला, पुढच्या शुक्रवारी जाऊ.
नको, म्हटलं, इतक्यात नको.
सापडू दे आधी त्यांना.
मला बघायचंय, आत्याच्या त्या अक्षरांवर बोट फिरवून
ते पुठ्ठ्यावर काय लिहितात.