कलम नऊ

करारनाम्यात कलम नऊ :
भाडेकरूने भिंतीत खिळा, स्क्रू, हूक
काहीही मारू नये.
खाली दिगंबरची सही, माझी सही,
आणि अकरा महिने.

शर्वाणीला शाळेतून सांगितलेलं,
घरी व्हिजन बोर्ड करा, सगळ्यांनी मिळून,
येता-जाता दिसेल अशा जागी लावा.
म्हणून घणसोली स्टेशनबाहेरून
साठ रुपयांचा जाड पुठ्ठा,
डिंकाची बाटली घरात होतीच,
आणि चित्रं? चित्रांना काय तोटा!
उलव्याच्या, तळोज्याच्या, करंजाड्याच्या टॉवरांची पत्रकं
दर शनिवारी सिग्नलला
रिक्षात येऊन पडतात मांडीवर.

जेवणं उरकून लादीवर पसारा.
तिनं आधी कुत्रा चिकटवला
(कलम बारा : पाळीव प्राणी नाहीत),
मग ध्रुवावरचा बर्फ,
मग दुर्बीण, मग परत कुत्रा, दुसऱ्या जातीचा.
दिगंबर उरणच्या यार्डातून नुकता आलेला,
दिवसभर क्रेनचे दांडे ओढणारे हात,
त्यांत तिची शाळेतली बोथट कात्री.
त्यानं गादीच्या जाहिरातीतली उशी कापली.
नुसती उशी. कडेकडेनं, जपून.
"बाबा, हे काय स्वप्न आहे का?"
"तुला रात्रपाळी लागली की सांगतो."

मग माझी पाळी.
पत्रक उलगडलं. आत एक बाई,
पांढऱ्या लादीवर अनवाणी, हसत, हातात कप,
आणि अख्ख्या घरात एक बादली नाही.
पाणी जात नसावं तिकडे बारा वाजता.
मला ती बाई नको होती.
मी कप कापला, बाई कापली,
दिवा, कुंडी, ते निळं कसलंसं चित्र,
सोफा पायांसकट.
उरली ती भिंत.
भोकंभोकं पडलेली, पंजाएवढी,
कोरी.
ती लावली वरच्या उजव्या कोपऱ्यात.
शर्वाणी म्हणाली, "आई, तू कचरा चिकटवलास."
दिगंबर काही बोलला नाही.
उशीवर बोट फिरवत
माझी भिंत बघत राहिला.

लावायचा कुठे, हे मग सुचलं.
चिकटपट्टीनं रंगाचा पोपडा निघतो,
तेवढ्यावरून मागच्या घरी
अनामतीतले तीन हजार गेलेत.
ठेवला फ्रिजवर, मागे टेकवून.
फ्रिज सुरू झाला की थरथरतो,
बोर्ड केसभर केसभर पुढे सरकतो,
आणि एखाद्या संध्याकाळी
कुत्रे, बर्फ, उशी, भिंत
सगळे धाडकन कणकेच्या परातीत.
उचलायचं, पीठ झटकायचं, पुन्हा उभं करायचं.

आता कोपरखैरण्यात. मालक नवा,
कलम तेच, फक्त आकडा सात.
टेम्पोत बोर्ड शर्वाणीच्या मांडीवर होता,
बर्फाचा एक तुकडा
ठाणे-बेलापूर रस्त्यावर उडाला म्हणते.
खोकी आत घेताना दार लोटलं
तर दारामागे खिळा.
गंजलेला, जरा वर वाकलेला,
आधीच्या कुणीतरी करार मोडून ठोकलेला.
मालकानं पाहिला नसेल,
किंवा पाहून सोडून दिला असेल.
मी चिमटीत धरून हलवून पाहिला.
हलला नाही.

शर्वाणी लगेच सुतळी घेऊन बसली.
बोर्डाला दाभणानं दोन भोकं :
एक दुर्बिणीशेजारी,
दुसरं थेट माझ्या भिंतीतून.
"तिथं काहीच नाही ना, म्हणून."

गाठ पक्की होईस्तोवर
दिगंबर आंघोळीला गेला,
आणि जाता जाता, सवयीनं,
त्या खिळ्याला शर्ट अडकवून गेला.

बोर्ड दोन्हीकडून धरून
आम्ही दोघी उभ्या.
आत बादलीत पाणी पडतंय.
"काढू का गं शर्ट?"
"राहू दे," म्हटलं, "घामानं ओला आहे.
वाळू दे आधी."