पंचविसावा

जानेवारीतली रात्र, दीड वाजत आलेला.
मिरजेच्या सतारमेकर गल्लीत
एकाच दुकानाचं शटर अर्धं वर.
आत दस्तगीरमामू, मांडीवर तंबोऱ्याचा भोपळा,
हातात झिजलेला पॉलिशपेपर,
आणि मी, लाखेच्या डब्याला मोबाईल टेकवून
त्यांना युरोप समजावते आहे.

छत्तीस संघ, मामू. गट गेले आता, एकच लांब तक्ता.
प्रत्येकाच्या आठ मॅची, चार घरी, चार परगावी,
आठही वेळा समोर वेगळंच कुणी.
"म्हंजे सगळे सगळ्यांशी न्हाईत?"
नाही.
"मग कुणाच्या वाट्याला सोपं, कुणाच्या अवघड."
हे तिकडंही बोलतात, मी म्हणाले.

पहिल्या आठांचं तिकीट कन्फर्म.
नऊ ते चोवीस आरएसी,
आणखी दोन मॅची खेळा, मग बघू.
पंचविसापासून खाली
चार्ट लागला, गाडी गेली.
जंक्शनच्या गावाला याहून जास्त सांगावं लागत नाही.

"पर मुळात आत शिरायचं कसं?"
इथं मी अडखळले.
देशाची पत असते, मामू,
पाच वर्षांत त्या देशाच्या सगळ्या संघांनी मिळून कमावलेली.
पतवाल्या देशाचा चौथा सरळ आत येतो,
लहान देशाचा पहिला
जुलैपासून रांगेत.
शेजारच्या पोराच्या मार्कांवर
आपल्याला कॉलेजात सीट मिळावी, तसं.

मग त्यांना फेरो बेटं सांगितली.
नॉर्वे आणि आइसलंडच्या मधे, समुद्रात;
सगळी वस्ती मिरजेच्या चार-पाच वॉर्डांत मावेल.
तिथला चॅम्पियन भर जुलैत
पहिल्या पात्रता फेरीला उभा राहतो.
हरला तर घरी नाही पाठवत,
तिसऱ्या नंबरच्या स्पर्धेत बसवतात.
पुढच्या फेरीत हरला, तर दुसऱ्या नंबरच्या.

हे मात्र मामूंना लगेच कळलं.
कोपऱ्यातल्या ढिगाकडं बोट केलं:
"तंबोऱ्याला न्हाई बसला तर सतारीला,
तितंबी न्हाई तर एकतारीला.
भोपळा कोण फेकतंय व्हय?"

पण आजची रात्र वेगळी.
अठरा मॅची एकाच वेळी सुरू.
कुठं तरी पावसात गोल होतो
आणि दुसऱ्याच देशात कुणी दोन पायऱ्या घसरतो,
त्याला मैदानावर कळतही नाही.
तक्ता श्वास घेतल्यासारखा वरखाली.
मामूंचा हात थांबलेला.

साडेतीनच्या सुमारास सगळं स्थिर झालं.
चोविसावा आणि पंचविसावा, गुण सारखे,
फरक एका गोलाचा.
"आता ह्यो पंचविसावा खालच्या स्पर्धेत?"
नाही मामू. पूर्वी उतरता यायचं.
आता इथून खाली काही नाही.
"एकतारी न्हाई?"
नाही.

बराच वेळ त्यांनी भोपळ्यावरची धूळ झटकली,
नसलेली धूळ.
मग, माझ्याकडं न बघता:
"अठ्ठ्याहत्तर साली सांगलीत फायनलच्या आदली मॅच.
मी गोलात. शून्य-शून्य.
जादा वेळ खेळलो, उजेड गेला,
पंचानं खिशातनं चार आणे काढले
आणि उडवले."

पुढचं विचारायची गरज नव्हती.
अम्मी सांगते, त्या दिवसापासून
हा माणूस गिऱ्हाइकाकडनं चिल्लर घेत नाही,
आम्हाला वाटायचं, मोजायचा कंटाळा.

मोबाईलवर पंचविसाव्या संघाचा गोलकीपर
खांबाला टेकून बसलेला,
हातमोजे काढत नव्हता.
मामूंनी त्याचं नाव विचारलं.
मी वाचलं. त्यांना उच्चारता आलं नाही,
तरी दोनदा प्रयत्न केला.

शटर ओढायच्या आधी ते पुन्हा आत गेले.
वार्निशच्या कंपनीच्या कॅलेंडरची पानं उलटून
जुलैपाशी थांबले,
कानावरची पेन्सिल हातात घेतली.
"त्या बेटवाल्यांची पयली मॅच
किती तारखेला म्हणालीस?"