पाव फेरा

सायकलच्या ट्यूबचा तुकडा,
आत एलईडी आन् एलडीआर तोंडाले तोंड.
आवाज चढला का दिवा पेटते,
कोनाले दिसत नाही,
आवाज तेवढा वाकते.

रात्री शंकरपटाचं नाटक.
दुपारी मोहटोल्याचा मंडप रिकामा,
मांगं लसून सोलनारे दोघं.
"रेवताबाई, तिसऱ्या अंकातली किंकाळी द्या."
खर्रा थुंकून दिली तिनं.
काटा लालात. पाव फेरा. पुन्हा.
लाल. पुन्हा.

सहाव्यांदा काटा काठावर थांबला.
पन किंकाळीमागचं तिचं "बाळा"
दबूनच राहिलं मशीनखाली.
सत्तेचाळीसचा कपॅसिटर काढला,
दहाचा लावला.

आता "बाळा" मांगंपर्यंत गेलं.
लसून सोलनारे थांबले.

खाली उतरून बाईनं विचारलं,
"माहं रडनं किती कमी केलं, बापा?"

पाव फेरा, म्हटलं.
किती वेळा, ते नाही सांगितलं.