वांग्याचा दिवस

ग्रामपंचायतीच्या वरच्या खोलीत अभ्यासिका आहे.
म्हणजे दोन ट्यूबलाइट, त्यातली एक चालू,
आणि पाण्याच्या कॅनवर चिकटवलेला कागद : झोपू नये.
तिथे मी तलाठी भरतीसाठी फ्रान्स पाठ करत होते.
बास्तीय पडला, चौदा जुलै, सतराशे एकोणनव्वद.
पाव हातभर लांब. चीजचे शेकडो प्रकार.
मीटर आणि किलो, त्यांचीच देणगी.
हिवरखेडीपासून हे सगळं किती लांब,
ते मात्र गाइडात नव्हतं.

मंगळवारी गाइड घेऊनच बाजारात बसले,
मायच्या पालाखाली, मिरचीच्या पोत्याला टेकून.
"काय वाचून राह्यली वं?"
म्हटलं, राजाला हटवल्यावर त्यांनी कॅलेंडरही हटवलं.
संतांचे दिवस पुसले,
आणि दिवसांना भाज्यांची, झाडांची नावं दिली.
दर पाचव्याला जनावर, दहाव्याला अवजार.

"वांग्याले देल्ला का?"

मोबाइलवर शोधलं. रेंज येईपर्यंत
दोन गिऱ्हाइकं पुढच्या पालाकडे गेली.
पहिल्या महिन्याची सव्वीस : वांगं.
सत्तावीसला मिरची. अठ्ठावीसला टमाटर.
आणि त्या सगळ्यांच्या आधी, पंचवीसला, बैल.
मायने समोरचे ढीग पाहिले, डावीकडून उजवीकडे,
जणू कोणी तिचं दुकान
सव्वादोनशे वर्षांआधीच मांडून गेलं होतं.
"बैलाच्या मांगं वांगं. बरोबर हाय," ती म्हणाली,
"वखरल्याबिगर काय येते?"

पलीकडून कांद्यावाले कवडूजी : "अन् गधा?"
आहे. पंधरावा.
"मंग सरपंचाले कळव."

मनकर्णा मावशीला महिने हवे होते.
द्राक्षांचा, धुक्याचा, बर्फाचा, मी वाचत गेले.
"बरफाचा!" तिने पदराने वारा घेतला.
"आपल्या इथं चार ठेवा लागतीन उन्हाचे,
एक लग्नाचा,
अन् एक आधार कार्डाच्या लायनीचा."

मग मी ते सांगितलं, जे सांगायला नको होतं.
आठवडाही त्यांनी दहा दिवसांचा केला.
तराजूचा हात थांबला.
"म्हंजे बाजार दहा दिवसानं?
वांगं धरते का दहा दिवस? डेखं काळं पडते.
अन् मजुराची सुट्टी?"
तीही दहाव्या दिवशी.
मायने बोटांवर मोजलं. अंगठा उरला, तो बराच वेळ पाहिला.
"राजा गेला, अन् जाता जाता एक इतवार घेऊन गेला.
चाललं नसन ते."

चाललं नाही. किती वर्षं, हे सत्तावन्नाव्या प्रश्नात होतं.
का नाही, याला गाइडात पर्याय नव्हते.

किलोचं वजन तिने उलटं केलं, बुडाचा शिक्का पाहिला.
"हे बी त्याइचंच?"
हो. त्यांच्याकडेही गावागावाचं माप वेगळं होतं,
घ्यायचं मोठं, द्यायचं लहान.
"हे मात्र चांगलं केलं," ती म्हणाली.
"माह्या आजीच्या वक्ताला
ज्याची पायली त्याचा न्याय."
मग मनकर्णा मावशीसाठी काटेकोर किलो मोजला,
आणि काटा थांबल्यावर वर दोन वांगी टाकली.
ती दोन कोणत्या मापात बसतात, मी विचारलं नाही.

परीक्षेत फ्रान्सवर एकच प्रश्न आला :
आयफेल टॉवर कोणत्या नदीकाठी?
सीन लिहिलं. बरोबर होतं.
यादीत नाव नव्हतं.

आता दर मंगळवारी पाल बांधताना
माय दोरी दातात धरून विचारते,
"आज कोनाचा हाय वं?"
मी पाहून सांगते. गाजर. बदक. कुदळ.
कधी कधी असं काही झाड निघतं
की त्याला आपल्याकडे नावच नाही.
तेव्हा मी खोटं बोलते. म्हणते, अंबाडी.
ती मान हलवते, काही म्हणत नाही,
आणि पाणी शिंपडून
अंबाडीच्या जुड्या पुढे सरकवते.