हातचा

परिपत्रक रबातहून तिझनितला यायला उन्हाळा लागला.
यंदापासून गणित फ्रेंचमध्ये.
मुख्याध्यापकांनी ते अरबीत वाचून दाखवलं,
आम्ही दारिजात शिव्या घातल्या,
आणि चहा आला तेव्हा सगळे आपसूक
आईच्या बोलीत साखर मागू लागले.

तीस वर्षं मी फळ्यापाशी असाच उभा होतो:
वाक्य उजवीकडून यायचं, समीकरण डावीकडून,
मध्येच कुठेतरी अंग चोरावं लागायचं,
अरुंद बोळात समोरून खेचर आलं की चोरतो तसं.
पोरांना सवय झाली होती. मलाही.
आता सगळं एकाच दिशेनं जाईल, म्हणाले.
म्हणाले, सोपं होईल.

ज्या भाषेत मी पाढे म्हटले,
आणि तशलहीतला एक शब्द निसटला म्हणून
हातावर पट्टी खाल्ली,
ती निवृत्तीला चार वर्षं उरली असताना
परत आली, उधारीची वही काखेत मारून.
मी तिला बसायला खुर्ची दिली.
दुसरं काय करणार?
तिच्यात वर्गमूळ म्हणताना
तळहात अजून आपोआप मिटतो.

मार्चमध्ये इन्स्पेक्टर आले. अगादीरचे. बूट चकचकीत.
तिसऱ्या बाकावरच्या इज्जाला उभं केलं.
इज्जाचा बाप चांदीच्या बाजारात बसतो,
पोर तराजूच्या काट्याखालीच वाढली.
प्रश्न फ्रेंचमध्ये. ती गप्प.
पुन्हा प्रश्न, जरा मोठ्यानं,
जणू काही ती बहिरी आहे.
मग खडू दिला. उत्तर बरोबर.
मी कडेला होतो म्हणून दिसलं:
ओठ हलत होते. क्राद. कूझ. सम्मूस.
आणि हातचा तिनं कुठेच लिहिला नाही,
डाव्या मुठीत धरून ठेवला.

शेरा पडला: तोंडी कच्ची.
खोटा नव्हता शेरा. दुसरा रकानाच नव्हता.

जाताना ते दाराशी, पाठमोरे,
वह्या मोजत होते.
मी नीट ऐकलं नसेल, वारा होता,
पण यान, सीन, क्राद असं काहीसं कानावर आलं,
आणि माझी चाहूल लागताच
चौथी वही फ्रेंच झाली.

मी बोललो नाही. त्यांनीही टोपी नीट केली.
वह्या एकोणचाळीस होत्या.
अहवालात अडतीस आल्या.
एक हातचा राहिला असावा.